मूळ संख्यांची इर्जिक

नांदेडहून गोदावरीच्या खोऱ्यात वर पश्चिमेकडे गेलं की परभणी जिल्ह्यातलं पाथरी लागतं. जुन्या ग्रंथांत या गावाचं नाव पार्थपूर असं येतं. इथल्या ज्ञानराजाने १५०३ च्या सुमारास ‘सिद्धान्तसुंदर’ हा ज्योतिषगणिताचा ग्रंथ लिहिला. त्याचा मुलगा सूर्यदास याने भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ या दोन्हींवर टीका लिहिल्या. याच गोदेच्या उत्तर तीरावर गोलग्राम नावाचं गाव होतं. तिथल्या दिवाकराच्या घराण्यात चार पिढ्या गणिती निपजले. दिवाकराचे मुलगे विष्णू, मल्लारी आणि विश्वनाथ, नातू नृसिंह, आणि पणतू कमलाकर, ज्याने पुढे काशीत बसून १६५८ साली ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ पुरा केला. ही सगळी नावं मराठी वाचकापुढे आली ती शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या १८९६ सालच्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासामुळे. आज मराठवाड्याच्या इतिहासात देवगिरी येते, निजामी येते, मुक्तिसंग्राम येतो; ही हिशोबी घराणी मात्र क्वचितच येतात. आर्यभटाच्या अनुयायांना ‘अश्मकीय’ म्हणत आणि तो अश्मक देश नांदेड-बोधनच्या पट्ट्यातला, असंही काही अभ्यासक मानतात. त्यावर मतभेद आहेत, म्हणून त्या मुद्द्यावर मी भार टाकत नाही. पाथरी आणि गोलग्राम एवढं मला पुरेसं आहे.

या घराण्यांची आठवण काढण्याचं कारण वरकरणी अगदी दूरचं आहे. १९९६ पासून जगभरातले लोक आपापल्या संगणकाचा रिकामा वेळ देऊन दिवसेंदिवस मोठ्या होत जाणाऱ्या मूळ संख्या शोधत आहेत. सध्याची विक्रमी संख्या म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात करून त्यातून १ वजा केलेली संख्या. ती लिहायला ४,१०,२४,३२० अंक लागतात. अशी बातमी आली की श्रेय यंत्राला दिलं जातं: संगणक वेगवान झाले, म्हणून संख्या मोठ्या सापडल्या. माझं म्हणणं वेगळं आहे. या शोधाचा इतिहास नीट पाहिला तर यंत्राचा वेग ही दुय्यम गोष्ट ठरते. खरा प्रश्न पहिल्यापासून हा होता की हिशोब अशा तऱ्हेने कसा मांडायचा, की तो साध्या माणसाला वाटून देता येईल आणि त्याने काढलेलं उत्तर दुसऱ्या कुणाला तपासता येईल. हा प्रश्न गोदाकाठच्या गणितींनी सोळाव्या-सतराव्या शतकात वेगळ्या विषयात हाताळला होता. त्यांना मूळ संख्यांचा हा शोध ठाऊक होता, असं मी सुचवत नाही. आपल्या जुन्या गणितात मूळ संख्यांकडे फार लक्ष दिलेलं दिसत नाही. नारायण पंडिताने १३५६ सालच्या ‘गणितकौमुदी’त संख्येचे विभाजक काढण्याची एक सुरेख रीत दिली आहे. दिलेल्या संख्येत एखादा वर्ग मिळवून बेरीज पूर्ण वर्ग होते का ते पाहायचं. ११६१ मध्ये ८ चा वर्ग ६४ मिळवला की १२२५ येतात, तो ३५ चा वर्ग. म्हणून ११६१ म्हणजे २७ गुणिले ४३. पण ही वाट पुढे रुळली नाही. साम्य विषयात नाही, कामाच्या बांधणीत आहे.

ती बांधणी जवळून पाहण्यासारखी आहे. ग्रह आज कुठे आहे हे काढायचं तर आधी ‘अहर्गण’ हवा, म्हणजे ठरलेल्या आरंभापासून आजवर किती दिवस गेले तो आकडा. आरंभ कलियुगाचा धरला तर सोळाव्या शतकात हा आकडा सोळा लाखांच्या वर जात होता. कल्पारंभापासून धरला तर तो कित्येक अब्जांत. एवढ्या मोठ्या संख्येला ग्रहाच्या गतीने गुणायचं, भागायचं, मग ज्या-चापाची कोष्टकं वापरून दुरुस्ती करायची. हे काम पाटीवर करणारा माणूस विद्वानच हवा, आणि त्याचंही कुठे ना कुठे चुकणार. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० साली ‘ग्रहलाघव’ लिहून हा भार उतरवला. त्याने ११ वर्षांचं, ४०१६ दिवसांचं एक चक्र धरलं. पूर्ण झालेल्या चक्रांसाठी ‘ध्रुवक’ हा ठरलेला आकडा आणि आरंभीच्या ग्रहस्थितीचा ‘क्षेपक’ हा आकडा तयार दिला. उरले फक्त चालू चक्रातले दिवस, जे चार हजारांच्या आसपासच राहतात. ज्या-चापही त्याने काढून टाकले आणि साध्या गुणाकार-भागाकाराच्या रीती दिल्या. गोलग्रामचा दिवाकर हा याच गणेशाचा शिष्य. त्याच्या मुलांनी गुरूच्या ग्रंथावर जे केलं ते मला मूळ ग्रंथाइतकंच मोलाचं वाटतं. मल्लारीने प्रत्येक रीतीची उपपत्ती दिली, म्हणजे ती का बरोबर आहे ते सांगितलं. विश्वनाथाने आकडे घालून उदाहरणं सोडवून दाखवली. ज्याला कारण समजून घ्यायचं आहे त्याला मल्लारी, ज्याला नुसतं करून पाहायचं आहे त्याला विश्वनाथ. या दोहोंच्या आधारे गावोगावचा जोशी स्वतः तिथी-नक्षत्र काढू शकला, ग्रहण वर्तवू शकला, आणि शेजारच्या गावच्या जोशाचं पंचांग आपल्याशी ताडून पाहू शकला.

पुढे छापखाना आला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मुंबई-पुण्याची छापील पंचांगं गावात पोचू लागली आणि गावच्या जोशाकडे हिशोब न राहता वाचन राहिलं. सोय झाली यात शंका नाही. पण हिशोब एका जागी गोळा झाला की तिथली चूकही सगळीकडे एकदम पोचते. ग्रहलाघवातल्या स्थूल रीतींमुळे साडेतीनशे वर्षांत साचलेला फरक ग्रहणाच्या वेळी उघड दिसू लागला होता. तो दाखवून दिला केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारख्या स्वतंत्रपणे गणित करू शकणाऱ्यांनी. त्यांनी १८६० साली युरोपीय साधनांच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ छापली. पंचांगशोधनाचा पुढचा सगळा वाद, त्यात लेले, मोडक आणि खुद्द दीक्षित होते, उभा राहू शकला तो छापील आकड्यावर विसंबून न राहता तो पुन्हा काढून पाहणारे लोक शिल्लक होते म्हणून. आकडेमोड वाटलेली असण्याचा मोठा फायदा वेग नाही, पडताळा आहे, हे इथे दिसतं.

मूळ संख्यांच्या शोधात नेमकं हेच घडलं. मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ साली एक यादी प्रसिद्ध केली. २ चा अमुक घात वजा १ ही संख्या कोणकोणत्या घातांकांना मूळ असते, याची २५७ पर्यंतची ती यादी. या रूपातल्या संख्यांना आज त्याचं नाव आहे. यादीत ६७ आणि २५७ चुकीने आले होते; ६१, ८९ आणि १०७ सुटले होते. एवढी पाच दुरुस्त्यांची गोष्ट, पण यादी पूर्ण तपासून व्हायला १९४७ साल उजाडलं. तीनशे वर्षं! आणि ती तपासली कुणी? ६१ ची संख्या १८८३ साली मूळ ठरवली ती रशियातल्या पेर्म प्रांतातल्या इव्हान पेर्वुशिन या गावच्या धर्मगुरूने. ८९ आणि १०७ या दोन संख्या १९११ आणि १९१४ साली सापडल्या त्या अमेरिकेतल्या राल्फ पॉवर्स या रेल्वे कर्मचाऱ्याला. ६७ च्या संख्येचे अवयव फ्रँक कोल या प्राध्यापकाने १९०३ साली मांडले: १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७. कोल सोडला तर बाकीचे पोटापाण्यासाठी दुसरंच काम करणारे लोक होते. मोठ्या विद्यापीठांच्या गणित विभागांनी ही यादी शतकानुशतकं पडू दिली होती.

त्यांना ते जमलं याचं कारण पुन्हा एक सोपी केलेली रीत. फ्रेंच गणिती एदुआर ल्युका याने १८७० च्या दशकात ती काढली आणि अमेरिकेच्या डेरिक लेमरने १९३० मध्ये तिला आजचं रूप दिलं. ती इतकी साधी आहे की सातवीतल्या मुलाला वहीत करून पाहता येईल. २ चा पाचवा घात वजा १ म्हणजे ३१ घेऊ. ४ पासून सुरुवात करायची. वर्ग करायचा, २ वजा करायचे, आणि ३१ ने भागून बाकी तेवढी ठेवायची. ४ चे १४ होतात. १४ चे १९४, त्याला ३१ ने भागून बाकी ८. ८ चे ६२, आणि ३१ ने भागून बाकी शून्य. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या, म्हणजे तीन पायऱ्यांनी शून्य आलं की संख्या मूळ. आता घातांक ११ घ्या, संख्या २०४७. नऊ पायऱ्यांत आकडे असे येतात: १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शेवटी शून्य नाही, म्हणून २०४७ मूळ नाही. ती २३ गुणिले ८९ आहे, पण रीत तिचे अवयव सांगत नाही, नुसता निकाल देते. दर पायरीला भागून बाकीच ठेवल्यामुळे हाती राहिलेला आकडा कधीच तपासायच्या संख्येच्या पुढे जात नाही. गणेश दैवज्ञाने ४०१६ दिवसांची चक्रं काढून टाकून जे साधलं तेच इथे साधलं आहे. आणि तो शेवटचा १७३६ विसरू नका. ‘नाही’ हे उत्तरही इथे एक ठरलेली संख्या म्हणून हाती येतं. दोन माणसांनी हाच हिशोब स्वतंत्रपणे केला आणि दोघांना १७३६ मिळाले, तर दोघेही बरोबर. नुसतं ‘मूळ नाही’ एवढंच कळलं असतं तर चुकलेला हिशोब आणि बरोबर हिशोब यांत फरक करता आला नसता.

१९५२ साली राफाएल रॉबिन्सनने ही रीत ‘स्वॅक’ या संगणकावर चढवली आणि त्या वर्षात पाच नव्या संख्या मिळाल्या. तिथून चार दशकं हा शोध मोठ्या यंत्रांच्या मालकांकडे गेला. १९७८ साली कॅलिफोर्नियातल्या लँडन नोल आणि लॉरा निकेल या दोन शाळकरी मुलांनी विद्यापीठाच्या संगणकावर एक संख्या काढली, तो अपवाद. १९७९ पासून क्रे कंपनीच्या महासंगणकांवर डेव्हिड स्लोविन्स्कीने एकामागून एक विक्रम केले. १९८३ साली १,३२,०४९ हा घातांक सापडला, १९८५ साली २,१६,०९१. मग १९८८ साली वॉल्टर कोलक्विट आणि ल्यूथर वेल्श यांनी १,१०,५०३ हा घातांक जाहीर केला. आकडे पुन्हा पाहा. तो आधीच्या दोन्हींपेक्षा लहान आहे. जगातली सगळ्यात ताकदवान यंत्रं त्याला ओलांडून पुढे गेली होती आणि मधली जागा रिकामी राहिल्याचं कुणाला कळलं नव्हतं. कुणी म्हणेल, ही चूक सुधारली तीही महासंगणकावरच, म्हणजे हौशी लोकांची गरज कुठे होती? बरोबर आहे. पण कोलक्विट आणि वेल्श यांचं वेगळेपण यंत्रात नव्हतं, ओळीने एकेक घातांक तपासत जाण्याच्या शिस्तीत होतं. विक्रमाच्या मागे लागलेल्या महागड्या यंत्राला ती शिस्त परवडत नाही. त्याचा प्रत्येक तास पुढच्या मोठ्या संख्येसाठी हवा असतो.

जानेवारी १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन या अमेरिकन प्रोग्रामरने ‘ग्रेट इंटरनेट मर्सेन प्राइम सर्च’, थोडक्यात गिम्प्स, सुरू केला तेव्हा त्याने ही शिस्तच वाटून दिली. एका घातांकाचा हिशोब मधून तोडून दोघांना देता येत नाही, कारण प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी असते. पण वेगवेगळे घातांक एकमेकांपासून पूर्ण मोकळे असतात. म्हणून एकेका माणसाला एकेक घातांक. सुरुवातीला ही वाटणी ईमेलने चाले. १९९७ मध्ये स्कॉट कुरोव्स्कीने त्यासाठी सर्व्हर उभारला. आपल्याकडे इर्जिकची चाल होती: गावातले सगळे आपापली औतं घेऊन एकाच्या शेतात उतरायचे आणि दिवसात काम उरकायचे. गिम्प्सचं काम त्याच जातीचं आहे. औत ज्याचं त्याचं, रान एक, आणि कुणी कोणतं तास धरलं आहे ते सगळ्यांना ठाऊक. पहिल्याच वर्षी, १९९६ च्या नोव्हेंबरात, फ्रान्समधल्या जोएल आर्मांगोच्या संगणकावर ४,२०,९२१ अंकी संख्या मिळाली. दोनच महिन्यांपूर्वी क्रे महासंगणकाने केलेला विक्रम घरगुती यंत्राने मोडला. १ जून १९९९ रोजी मिशिगनमधल्या नयन हजरतवालांच्या साध्या पेंटियम संगणकाने २०,९८,९६० अंकी संख्या काढली. दहा लाख अंकांचा पल्ला गाठणारी ती पहिली मूळ संख्या; तिला इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचं ५०,००० डॉलरचं बक्षीस मिळालं. यंत्र दिवसभर इतर कामात असायचं आणि उरलेल्या वेळात हिशोब करायचं. त्यामुळे तीन आठवड्यांचं काम १११ दिवस चाललं. ठरावीक अंतराने मधली बाकी डिस्कवर साठवून ठेवायची आणि बंद पडल्यावर तिथूनच पुढे जायचं, ही सोय प्रोग्राममध्ये पहिल्यापासून आहे. भारनियमनाच्या वर्षांत मराठवाड्यात ज्यांनी संगणक वापरला त्यांना या सोयीची किंमत सांगायला नको.

गिम्प्सने आजवर १८ मर्सेन मूळ संख्या काढल्या. माझ्या मते त्याची मोठी कमाई या अठरांहून वेगळी आहे. ती आहे मूळ नसलेल्या लाखो घातांकांची नोंदवही. कोणता घातांक कुणी तपासला, शेवटची बाकी काय आली, दुसऱ्या यंत्रावर तीच आली का. आधी प्रत्येक घातांक दोनदा पूर्ण तपासावा लागे. २०१८ पासून हंगेरीच्या रॉबर्ट गेर्बिकच्या युक्तीमुळे हिशोब चालू असतानाच यंत्राची चूक पकडता येऊ लागली. २०२० पासून प्रत्येक यंत्र उत्तरासोबत एक छोटा पुरावा पाठवतं, आणि मूळ श्रमाच्या अगदी थोड्या अंशात दुसऱ्याला तो तपासता येतो. मल्लारीच्या उपपत्तीचा आणि विश्वनाथाच्या उदाहरणाचा हा एकत्र मेळ म्हणावा लागेल. तरीही माणसाचं लक्ष लागतंच. ७,४२,०७,२८१ या घातांकाची संख्या कर्टिस कूपरच्या यंत्राने सप्टेंबर २०१५ मध्ये सर्व्हरला कळवली होती, पण ती नोंद जानेवारी २०१६ पर्यंत कुणाच्या डोळ्यांपुढे आली नाही.

या परंपरेत महाराष्ट्राचं सगळ्यात जवळचं नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. डहाणूला १९०५ मध्ये जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ नाशिकजवळच्या देवळालीत शाळाशिक्षक होते. त्यांच्याकडे पद नव्हतं, यंत्र नव्हतं. होता तो कागद आणि हातानं केलेली अफाट आकडेमोड. ६१७४ हा त्यांचा आकडा सगळ्यांना ठाऊक आहे, पण इथे मला त्यांच्या ‘स्वयंभू’ संख्या हव्या आहेत. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिचेच अंक मिळवा: २१ मध्ये २ आणि १ मिळवून २४. म्हणजे २१ ने २४ ला जन्म दिला. काही संख्यांना असा जन्मदाता नसतो, त्या स्वयंभू. ३, ७ आणि ३१ या मर्सेनच्या पहिल्या तिन्ही मूळ संख्या स्वयंभू आहेत. १२७ नाही, कारण १२२ मध्ये १, २ आणि २ मिळवले की १२७ येतात. गिम्प्सच्या जॉश फिंडलीने २००४ साली काढलेली ७२,३५,७३३ अंकी संख्या स्वयंभू आहे, हे २००६ साली ल्यूक पेबडीने दाखवलं. देवळालीच्या शिक्षकाने वहीत मांडलेली कल्पना सत्तर लाख अंकांच्या संख्येला लावून पाहिली गेली. कापरेकरांना हयातीत आपल्याकडच्या अनेक गणितींनी गंभीरपणे घेतलं नाही. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली अमेरिकेत त्यांच्यावर लिहिलं तेव्हा नाव झालं. मला वाटतं ही उपेक्षा गणिताच्या दर्जाहून अधिक, गणित कुणी करावं याविषयीच्या समजुतीतून आलेली होती.

इथे गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळता येणार नाही. गावचा जोशी स्वयंसेवक नव्हता. तो वतनदार होता, गावाकडून हक्काचं धान्य घेई, आणि हिशोबाची विद्या एका जातीच्या, त्यातही पुरुषांच्या हाती होती. गोदाकाठी ज्यांच्या श्रमावर गाव चालत होतं त्यांना तिथी विचारायची मुभा होती, काढायची नव्हती. तेव्हा गोलग्रामची आणि गिम्प्सची बरोबरी करणं म्हणजे जुन्या बंदिस्तपणाला नवा मुलामा देणं, असं कुणी म्हणालं तर त्यातलं सत्य मी मान्य करतो. माझा दावा रीतीपुरता आहे. गणेश दैवज्ञ आणि मल्लारी-विश्वनाथ यांनी हिशोब सोपा केला, तपासण्याजोगा केला. तो सगळ्यांना खुला केला नाही. पेर्वुशिन, पॉवर्स आणि वोल्टमन यांच्या परंपरेत ते दुसरं काम झालं. रीत वाटण्याजोगी असणं आणि ती खरोखर वाटली जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मराठवाड्याच्या इतिहासात पहिली असूनही दुसरी घडली नाही.

दुसरा आक्षेप उपयोगाचा. पंचांग पेरणीला, सणाला लागतं. चार कोटी अंकांची संख्या कशाला लागते? बँकेचे व्यवहार सुरक्षित ठेवायला मूळ संख्या वापरतात हे खरं, पण त्या काहीशे अंकी असतात. विक्रमी संख्यांचा तिथे काही संबंध नाही, आणि तो आहे असं भासवून या शोधाची भलामण करणं मला अप्रामाणिक वाटतं. हा शोध अजूनही शोधासाठीच आहे. मात्र त्यातून एक गोष्ट खरोखर निघाली: यंत्रांची परीक्षा. १९९४ साली पेंटियम चिपमधला भागाकाराचा दोष उघड झाला तो थॉमस नाइस्ली या प्राध्यापकाने जुळ्या मूळ संख्यांचा हिशोब चालवला असताना. २०१६ साली इंटेलच्या स्कायलेक चिपमधला दोष गिम्प्सचा प्रोग्राम चालवणाऱ्यांना सापडला. जिथे उत्तर अंकाअंकाला बरोबरच यायला हवं आणि ते दुसरीकडे ताडून पाहता येतं, तिथेच यंत्राचं पितळ उघडं पडतं.

नांदेड-लातूरला या गोष्टीचा वेगळा अर्थ आहे, कारण परीक्षा हा इथला मोठा उद्योग आहे. राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या काळात घडलेल्या लातूर पॅटर्नचा कणा म्हणजे पुन्हा पुन्हा घेतलेल्या सराव परीक्षा. तेच वाघमारे १९९४ साली नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. या पद्धतीवर घोकंपट्टीचा ठपका ठेवणं सोपं आहे. चूक लवकर पकडायची आणि पुन्हा करून पाहायचं, ही तिची ताकद आहे, आणि दुष्काळी भागातल्या हजारो घरांना तिने वर काढलं. फरक एवढाच की सराव परीक्षेचं उत्तर पेपर काढणाऱ्याला आधी ठाऊक असतं. घातांकाचं उत्तर कुणालाच ठाऊक नसतं, आणि शेवटी शून्य आलं नाही तरी ती मेहनत नोंदवहीत कायमची राहते. उत्तर आधी ठाऊक नसलेलं असं काम आता इथेही जवळ येत आहे. नांदेडच्या शेजारी हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा मंजूर झाली आहे. अमेरिकेतल्या लायगोची विदा २००५ पासून ‘आइन्स्टाइन ॲट होम’ या प्रकल्पातून घरोघरच्या संगणकांवर चाळली जाते. त्याच प्रकल्पात २०१० साली अरेसिबो दुर्बिणीच्या विदेतून एक पल्सार सापडला, आणि शोधाचं श्रेय अमेरिका आणि जर्मनीतल्या ज्या तीन सामान्य लोकांचे संगणक वापरले गेले त्यांना नावानिशी दिलं गेलं.

सगळ्यात ताजा आक्षेप मात्र या व्यवस्थेच्या मुळाशी जातो. सध्याची विक्रमी संख्या ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडली ती घरगुती संगणकावर नाही. एनव्हिडियाचा माजी कर्मचारी ल्यूक ड्युरँट याने स्वतःच्या खर्चाने १७ देशांतल्या डेटा सेंटरमधले हजारो जीपीयू भाड्याने घेतले. पहिला निकाल डब्लिनमधल्या यंत्राने दिला, दुसऱ्या दिवशी टेक्सासमधल्या दुसऱ्या यंत्राने तो पक्का केला. म्हणजे हिशोब पुन्हा मोठ्या धन्याकडे गेला का? काही अंशी हो. शिवाय फुकटचा रिकामा वेळ ही कल्पनाही आता तितकी खरी नाही. जुना संगणक रिकामा असताना जवळजवळ तेवढीच वीज खाई, आजचा कामाला लावला की बिल वाढतं, आणि मे महिन्यात नांदेडला खोली तापते ती वेगळी. पण ड्युरँटने वापरलेला प्रोग्राम मिहाई प्रेदासारख्या स्वयंसेवकांनी लिहिलेला होता, घातांकांची छाननी इतरांनी करून ठेवली होती, आणि संख्या जाहीर झाली ती वेगवेगळ्या यंत्रांवर, वेगवेगळ्या प्रोग्रामनी ताडून पाहिल्यावर. पैशाने पुढची उडी घेता येते. मागे सुटलेलं रान पैसेवाला तपासत बसत नाही. ते काम कसं चालतं हे क्रमांकांवरून कळतं. ५,७८,८५,१६१ या घातांकाची संख्या २०१३ साली सापडली, पण तिच्या खालचे सगळे घातांक पुन्हा तपासून ती ४८ वी आहे हे पक्कं व्हायला ऑक्टोबर २०२१ उजाडला. ड्युरँटच्या संख्येला ५२ वी म्हणतात ते तात्पुरतं. तिच्या खाली अजून पुरते न तपासलेले घातांक आहेत, त्यांत एखादी सुटलेली मूळ संख्या असेल तर क्रमांक बदलेल. आणि ही फेरतपासणी संथ, जुन्या यंत्रांवरही करता येते.